राखीव निधीचा वकील

वकीलसाहेबांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं मागायला गेले, तेव्हा त्यांनी मला जात, गाव, लग्न यांतलं काही विचारलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून पहिलाच प्रश्न टाकला, "पगारातून दर महिन्याले बाजूले काय काढता?"

मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात अभियंता म्हणून नुकतीच रुजू झाले होते. मूळ गाव पुसद, नोकरी पहिली आणि पहिला पगारसुद्धा अजून हातात यायचा होता. मी म्हटलं, "अजून तरी काही नाही."

"काहीच नाई?" मी घरात साप पाळते असं सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग घर कसं देऊ तुमाले?"

आतून त्यांच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा, आवाज आला, "आवो, पोरगी गावाले पाणी पाजणार हाय. तिले नाई म्हणून राह्यले, अन् उद्या आपलाच नळ बंद पडला म्हंजे?"

काकूंच्या या मुद्द्यावर त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. घर मिळालं. पण पोस्टात खातं उघडायची अट घातलीच, आणि ते उघडेपर्यंत रोज संध्याकाळी जिन्याखाली उभे राहून चौकशी केली.

वकीलसाहेब आमच्या नगरपालिकेचे कायदेविषयक सल्लागार होते. वणीच्या बाजूचं आमचं लहानसं गाव, त्यामुळे सल्ला लागायचा तो अतिक्रमणाचा, दुकानगाळ्यांच्या भाड्याचा, फार तर एखाद्या बडतर्फ शिपायाचा. ही कामं ते नेटकी करायचे, पण त्यांचा जीव गुंतला होता तो राखीव निधीत. नगरपालिकेच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा दरवर्षी बाजूला काढायचा, वेगळ्या खात्यात ठेवायचा, ज्या कामासाठी ठेवला त्याच कामाला वापरायचा, वापरायचा झाला तर कारणं लिहून ठराव करायचा, वरची मंजुरी घ्यायची आणि वापरून झाल्यावर पुन्हा भरून काढायचा. नियम एवढाच. वाचून कुणाच्या डोळ्यांत पाणी यावं असं त्यात काही नाही. पण वकीलसाहेब हा नियम सांगायला लागले की पानठेल्यावरचा माणूस चुना लावायचा थांबायचा.

"हे पाय," ते म्हणायचे, "पाण्याची मोटार आज नवी आहे. ते रोज थोडी थोडी मरते. तिच्या मरणाचे पैसे आजपासून जमवले नाई, तं ज्या दिवशी ते मरन, त्या दिवशी गाव बोंबलत फिरन. कायदा लिहिणारा माणूस शहाणा होता बापा. त्यानं आपल्यावर भरवसा नाई ठेवला."

इतर कामांची फी ते घासाघीस करून घ्यायचे. राखीव निधीच्या अभिप्रायाची मात्र एक पैसाही नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "याची फी घेतली, तं उद्या कोणी जास्त फी देऊन उलटा अभिप्राय मागन."

स्वतःच्या घरातही त्यांनी हा कायदा लागू केला होता. लग्नाच्या पंगतीत एक जिलबी ते ताटाच्या कडेला शेवटपर्यंत राखायचे. मठ्ठा आंबट निघाला तर तोंड कशानं गोड करायचं, हा त्यांचा सवाल. यवतमाळला जिल्हा न्यायालयात तारीख असली की ज्या बसनं वेळेवर पोचता येईल ती बस ते राखीव ठेवायचे आणि तिच्या आधीच्या बसनं जायचे. त्यामुळे कोर्टाचं दार उघडणाऱ्या शिपायाशी त्यांची न्यायाधीशांपेक्षा जास्त ओळख होती. रागसुद्धा ते राखून वापरायचे. काकू म्हणायच्या, "याइचा राग म्या लग्नापासून दोनदाच पाह्यला. बाकीचा कुठी ठेवते, देव जाणे."

स्कूटरची गोष्ट तर गावात सगळ्यांना पाठ होती. स्कूटर जुनी, राखीव पेट्रोलची वेगळी चावी असलेली. साध्या माणसाचं पेट्रोल संपलं की तो चावी फिरवतो आणि पंप गाठतो. चावी त्यासाठीच दिलेली असते. यांनी ती तारेनं बांधून टाकली होती. एकदा राजूरला अशिलाकडे गेले आणि परतताना पेट्रोल संपलं. भर उन्हात, अंगात काळा कोट, कोळशाच्या ट्रकांची धूळ खात स्कूटर ढकलत निघाले. एका ट्रकवाल्याला दया आली. त्यानं गाडी थांबवून विचारलं, "सायेब, रिझर्व्हवर घेऊन पाह्यली का?"

"रिझर्व्ह आहे ना."

"मंग ढकलून कायले राह्यले?"

"रिझर्व्ह आहे म्हणूनच ढकलून राह्यलो," वकीलसाहेब म्हणाले आणि पुढे चालू लागले.

ट्रकवाल्यानं ही गोष्ट राजूरपासून वणीपर्यंतच्या प्रत्येक टपरीवर सांगितली असणार, कारण माझ्या कानावर ती तीन वेगवेगळ्या रूपांत आली. खरी कोणती, असं मी त्यांनाच विचारलं. म्हणाले, "तिन्ही. मी काय एकदाच ढकलली का?"

त्यांच्यात एकच गोष्ट मला खटकायची, तीही सांगून टाकते. चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. कोर्टात चुकीचं पान वाचलं तर म्हणायचे, "मी संदर्भासाठी मागून सुरुवात केली." एकदा काकू माहेरी गेल्या असताना त्यांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मी समोर बसले होते. एक घोट घेतला, थांबले, आणि सगळा कप संपवून म्हणाले, "आज असाच पाह्यजे होता."

कमानीचा प्रसंग माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातला. आमचे अध्यक्ष मोठे उमदे होते, अहेराला सढळ, मयतीला हजर. गावाच्या वेशीवर संगमरवरी स्वागत कमान उभारायची आणि तिच्यावर आपल्या वडिलांचं नाव कोरायचं, अशी त्यांची फार इच्छा. पैसा कुठून आणायचा? पाणीपुरवठ्याचा राखीव निधी बँकेत नुसता पडून होता. नगरसेवकांची ना नव्हती. गावालाही कमान हवी होती, कारण शेजारच्या गावात ती झाली होती.

सभेत वकीलसाहेबांना अभिप्राय विचारला गेला. ते उभे राहिले आणि नाही म्हणाले.

अध्यक्ष हसले. "वकीलसाहेब, पैसा गावाचा, अन् गाव माह्या पाठीशी. मंग अडते कुठी?"

"गाव तुमच्या पाठीशी आहे, मले मान्य. पण हा पैसा उद्याच्या गावाचा आहे. ते अजून मतदानाले आलं नाई."

"उद्याचं उद्या पाहू ना बापा!"

"अध्यक्ष भाऊ, तुमच्या घरी जावई आला, अन् घरात शिजवाले डाळ नाई. बियासाठी ठेवलेली तूर शिजवता का?"

"नाई."

"काहून? जावयापेक्षा तूर मोठी आहे का?"

सभागृहात हशा पिकला. हसण्यात अध्यक्षांचाही आवाज होता, पण चेहरा उतरला होता. वकीलसाहेबांनी लेखी अभिप्राय टेबलावर ठेवला: सदर निधीस कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. कमान बारगळली. अध्यक्षांनी पुढे वर्षभर त्यांची बाकीच्या कामांची बिलं अडकवून ठेवली. गावानंही त्यांना सोडलं नाही. पोळ्याला बैलांपुढे चढाओढीनं गातात त्या झडत्यांमध्ये पोरांनी त्यांच्यावर एक झडती रचून म्हटली, आणि ती ऐकून ते सगळ्यांत मोठ्यानं हसले.

त्या सभेनंतर जिना उतरताना मी त्यांना हळूच म्हटलं, "काका, अचानक संकट आलं तर हा निधी वापरता येतो, आधी काम करून मागून अहवाल देता येतो, असंही कायद्यात आहे ना? तुमच्या अभिप्रायात ते नव्हतं."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "बेटा, कुंपणाले फाटक ठेवलं का पह्यले ढोरंच आत येते. मी फाटकच नाई दाखवलं."

मला त्या वेळी त्यांचं फार कौतुक वाटलं. पुढे दरवर्षी अंदाजपत्रक आलं की कुणी ना कुणी त्या खात्याकडे बोट दाखवायचा आणि दरवर्षी तोच अभिप्राय, त्याच शब्दांत, फाईलला लागायचा. अध्यक्ष बदलले, मुख्याधिकारी बदलले, निधी वाढत गेला. हळूहळू त्याला देवस्थानाचं रूप आलं. लेखा विभागातले लोक त्या खात्याचं नाव काढतानासुद्धा आवाज खाली आणायचे.

मग एका वर्षी श्रावणात पूर आला.

निवडणुका लांबल्या होत्या, सभागृह नव्हतं, आणि मुख्याधिकारीच प्रशासक म्हणून कारभार बघत होते. साताऱ्याकडचा सरळ माणूस, नियमानं चालणारा. पूर ओसरला तेव्हा मी नदीवर गेले. नगरपालिकेच्या नदीकाठच्या विहिरीतल्या दोन्ही मोटारी गाळात रुतून जळाल्या होत्या आणि पात्रातल्या जलवाहिनीचा मोठा तुकडा वाहून गेला होता. नदी दुथडी भरलेली आणि गावात नळाला थेंब नाही. नागपूरचा पुरवठादार मोटारी लगेच द्यायला तयार होता, पण लेखी आदेश आणि आगाऊ रक्कम मिळाल्यावर. आणि रक्कम होती, बँकेत, नेमकी याच कामासाठी वर्षानुवर्षं साठवलेली. खरं सांगते, त्या गाळात उभी असताना मला धीर होता. मनात म्हटलं, काका, आज तुमचा दिवस.

मी प्रस्ताव घेऊन मुख्याधिकाऱ्यांपुढे उभी राहिले. त्यांनी फाईल वाचली आणि बंद केली.

"मॅडम, हा निधी वापरता येणार नाही. मी वरून मार्गदर्शन मागवतो."

"सर, कायद्यात संकटासाठी तरतूद आहे."

"माहीत आहे, कायदा मीही वाचलाय. पण लेखापरीक्षक पुस्तक तपासत नाहीत, फाईल तपासतात. फाईलवर तुमच्या वकिलांनी दरवर्षी लिहिलंय, कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. उद्या आक्षेप निघाला तर वसुली माझ्या पगारातून होईल. माझ्यावरही घर आहे." मग फाईल माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "त्यांना मत बदलायचं असेल तर लेखी बदलू द्या. मी त्याच मिनिटाला सही करतो."

मार्गदर्शन वरून यायला किती दिवस लागतात हे सांगायची गरज नाही. तोवर टँकर सुरू केले. खालच्या गावाचं कसंतरी भागलं, पण टेकडीवरच्या वस्तीत टँकर चढत नव्हता. तो पायथ्याशी उभा राहायचा आणि बाया निसरड्या चढणीवरून डोक्यावर गुंड, म्हणजे धातूचे हंडे, घेऊन पाणी वाहायच्या. तिथली सुमनबाई खानावळ चालवायची. खानावळ बंद ठेवून ती माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. "बाई, माही सून बाळंत झाली. लेकरू आठवड्याचं नाई. न्हाऊ कशानं घालू? काल चढताना मीच पडली, तं भरला गुंड खालपर्यंत गडगडत गेला. मोटारी आणाले पैसे नाई का तुमच्याजवळ?"

पैसे आहेत, असं मी तिला सांगू शकले नाही.

त्या संध्याकाळी मी तडक काकांच्या ओट्यावर गेले आणि सगळं सांगितलं. ते ताठ झाले. "माहा अभिप्राय बरोबर आहे. कमानीसाठी लिहिला होता तो."

"अभिप्रायात कमानीचं नावही नाही, काका."

"मंग मी खुलासा लिहून देतो. पूर्वीच्या अभिप्रायाचा अर्थ लावताना गैरसमज झाला, असं."

तो खुलासा मी दुसऱ्या दिवशी नेला. मुख्याधिकाऱ्यांनी वाचून सौम्यपणे परत केला. "यात ते म्हणतात की पूर्वीचंही बरोबर आणि आताचंही बरोबर. दोन्ही कसं चालेल? ‘कोणत्याही परिस्थितीत’ याचा दुसरा अर्थ मी कुठून आणू?"

मी परत आले. काकू ताट वाढत होत्या. वकीलसाहेब पाटावर बसून होते, पण हात ताटाला लागत नव्हता. त्यांच्या हयातीत त्यांनी कुणापुढे चुकलो म्हटलेलं नव्हतं, आणि आता ते सरकारी कागदावर, सही करून म्हणायचं होतं. तेही ज्या एका विषयात आपण गावात सगळ्यांपेक्षा खरे आहोत असं ते मानत आले, त्याच विषयात. शिवाय पुढचा धोका त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होता. ज्या वकिलाचं मत फिरतं, त्याला कोण ठेवतं?

"तो माणूस भेकड आहे," ते शेवटी म्हणाले.

"नाई," काकू म्हणाल्या. त्यांनी पोळी वाढायची थांबवली. "त्यो तुमचं ऐकून राह्यला. तुमीच त्याले सांगतलं हात लावू नोको म्हणून. आता त्यो लावत नाई, तं त्याले भेकड म्हनता?"

काकूंनी हातातली पोळी डब्यात परत ठेवली.

"हे पाहा. टाकीत पेट्रोल असून तुमी स्कूटर ढकलत आनली, म्या हसण्यावारी नेलं. आपल्या घरचं होतं. पण आता टेकडीवरच्या बाया ढकलून राह्यल्या. त्याइनं काय तुमची चावी बांधली होती?"

मला वाटलं, आता तो तिसरा राग बघायला मिळणार. पण ते ताटावरून उठले, हात धुतले, खुंटीवरचा काळा कोट काढला आणि मला म्हणाले, "चाल बेटा. सायेब बसले असतीन अजून."

मुख्याधिकाऱ्यांच्या समोर बसून त्यांनी तो अभिप्राय लिहिला. त्यांचे अभिप्राय नेहमी कागदाच्या दोन्ही बाजूंनी भरलेले असत. हा चारच ओळींचा होता. पूर्वीच्या अभिप्रायांत कायद्यातला अपवाद मी जाणूनबुजून नमूद केला नव्हता. तसं करणं चूक होतं आणि ती चूक सर्वस्वी माझी आहे. सध्याची परिस्थिती त्या अपवादात बसते. निधी तात्काळ वापरावा.

मुख्याधिकाऱ्यांनी वाचलं आणि हळूच सुचवलं, "‘जाणूनबुजून’ हा शब्द काढला तरी चालेल, वकीलसाहेब. अनवधानानं म्हणा."

"नाई," ते म्हणाले. "अनवधान नव्हतं. राखीव म्हंजे देवाचा नैवेद्य नाई, आजाऱ्याचं औषध आहे, हे मले ठाऊक होतं. मले भीती होती का लोकं बरे असतानाच पिऊन टाकतीन. म्हणून मी बाटलीवर विष लिहून ठेवलं."

मुख्याधिकाऱ्यांनी बोलल्याप्रमाणे लगेच सही केली.

त्या कागदाचं पुढे काय झालं तेही सांगते. लेखापरीक्षणात खर्चावर आक्षेप निघाला नाही. पण नंतर आलेल्या साहेबांनी फाईल चाळली, एकाच वकिलाचे दोन विरुद्ध अभिप्राय पाहिले आणि सल्लागारांच्या यादीतून त्यांचं नाव काढलं. पत्र द्यायला मीच घरी गेले होते. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. मी त्याच्या जागी असतो तं मीही काढलं असतं." मला त्या नव्या साहेबांचा इतका संताप आला होता, की मी काकूंनी पुढे केलेला चहासुद्धा घेतला नाही. आजही त्यांच्या बैठकीच्या खोलीत गेले की मला तो न घेतलेला चहा आठवतो. वकीलसाहेबांसारखा माणूस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही, आणि पाहीन असं वाटतही नाही.

मात्र वकीलसाहेब माझ्या डोळ्यांसमोर येतात ते टेकडीवर पाणी आलं त्या सकाळचे. नव्या मोटारी बसल्या होत्या, जलवाहिनीचा तुकडा जोडून झाला होता, आणि मी वस्तीतल्या सार्वजनिक नळाजवळ उभी होते. पाहते तर वकीलसाहेब काळा कोट घालून, धापा टाकत चढण चढून येत होते. त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं. नळानं आधी नुसती हवा सोडली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ धार लागली. बायांनी एकच गलका केला. सगळ्यांत पुढे सुमनबाई होती.

वकीलसाहेब तिच्याजवळ गेले. कोर्टात उभे राहावं तसे उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, हे पाणी तुमाले आधीच भेटाले पाह्यजे होतं. माह्यामुळे थांबलं. चूक माही होती."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हे तोंडानं उच्चारलं होतं. मी काकूंना सांगायला प्रत्येक शब्द ध्यानात ठेवत होते. पण धारेच्या आणि भांड्यांच्या आवाजात तो कबुलीजबाब बाकीच्या बायांपैकी कुणी ऐकलाही नसावा. सुमनबाईनं ऐकला, पण तिचं लक्ष गुंडाच्या तोंडाकडे होतं.

"हाव सायेब, मंग सांगजा," ती म्हणाली. "घरी लेकरू न्हायाचं हाय. आधी गुंड उचलून द्या."

त्यांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या, वाकले, आणि गुंड तिच्या डोक्यावर ठेवला. ती गेली. मागची बाई पुढे सरकली, तिनंही आपला गुंड नळाखाली लावला आणि भरल्यावर काही न बोलता त्यांच्याकडे पाहिलं. ते पुन्हा वाकले.